शेतावर मोठा सोलर प्रकल्प येतोय, हरकत कशी घ्यायची

पहिलं म्हणजे "सोलर नको" असं लिहूच नका. वीज सगळ्यांनाच पाहिजे, त्यामुळे असला अर्ज लगेच बाजूला पडतो. आपलं म्हणणं "या जमिनीवर नको" एवढंच, आणि ते नकाशावर बोट ठेवून सांगायचं.

त्यासाठी कंपनीचा पूर्ण लेआउट मागून घ्या, रंगीत माहितीपत्रकावर भागवू नका. साधारण 1 मेगावॅटला 4 ते 5 एकर लागतात, म्हणजे 100 मेगावॅट म्हटलं की 400-500 एकर कुंपणात गेले, आणि वीज बाहेर नेणारी हाय टेन्शन लाईन वेगळीच. ती बऱ्याचदा दुसऱ्या अर्जात असते, तोही मागा, टॉवर कोणाच्या शेतात येतायत ते तिथंच कळतं.

मग विचारा, आपलीच जमीन का? बहुतेक वेळा कारण एकच, जवळ सबस्टेशन आहे आणि जमीन सपाट आहे. हे कळलं की पर्याय कुठं शोधायचा तेही कळतं, कारण 50 किलोमीटरवरचं माळरान दाखवलं तर कोणी ऐकत नाही, त्याच सबस्टेशनच्या आसपास बंद पडलेली खाण, गोदामांची छपरं, नापीक पडीक जागा शोधा, फोटो काढा, क्षेत्र मोजा आणि अर्जाला जोडा. माझ्या मते अख्ख्या हरकतीत सगळ्यात वजनदार पान हेच.

जमीन सुपीक आहे हे तुम्हाला माहितीये, पण कागदावर दाखवावं लागतं. मातीपरीक्षण, गेल्या काही वर्षांची पिकं, पाण्याची सोय, सगळं लावा. इटलीने 2024 मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगत पॅनेल बसवायला बंदी घातली, खाली शेती चालू राहील असे उंच पॅनेल मात्र चालतात. जपानने 2013 पासून अशी परवानगी दिली ती पीक फार घटता कामा नये या अटीवर. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाहीये.

आता पाणी, हा मुद्दा लोक विसरतात. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पावसाचं पाणी एकाच रेषेत पडतं, तिथं आधी बोटभर चर पडते, मग ती वाढत जाते, आणि जड मशीनं फिरून दाबल्या गेलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते थेट खालच्या शेतात उतरतं. म्हणून आत्ताच, काम सुरू व्हायच्या आधी, भर पावसात जाऊन व्हिडिओ काढा, पाणी कुठून येतं, कुठल्या बांधाला लागतं, तारखेसकट. नंतर वाद झाला तर आधी काय होतं हे दाखवायला दुसरं काही हातात नसतं.

रेडिएशनने आजार होतात वगैरे फॉरवर्ड अर्जात घालू नका प्लीज, एक खोटा मुद्दा बाकीचे दहा खरे मुद्दे बुडवतो.

जमीन भाड्याने देणाऱ्या शेजाऱ्याशी भांडू नका, त्याचं कर्ज आपण फेडणार नाहीये. कर्नाटकात पावगड्याच्या सोलर पार्कला जवळपास 13,000 एकर शेतकऱ्यांनी भाड्यानेच दिलेत. पण भाडं जमीनमालकाला मिळतं, त्याच शेतावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला नाही, हा मुद्दा सुनावणीत त्या मजुरांनीच मांडला पाहिजे, त्यांना सोबत घेऊन जा.

आणि प्रकल्प मंजूर होईल असं धरून अटी पण आत्ताच मागा. करार 25-30 वर्षांचा असतो, मध्ये कंपनी विकली जाते, मग शेवटी खांब न् केबल उपटणार कोण? त्या खर्चाची बँक गॅरंटी काम सुरू व्हायच्या आधी जमा झाली पाहिजे. इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर घरांपासून लांब, कारण त्यांचा घुंईघुंई आवाज येत राहतो.

हरकत मुदतीच्या आत लेखी द्या, एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या शेताचं लिहा, आणि प्रत्येक कागदावर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.