सीपॅनेलमधले ईमेल फिल्टर स्क्रिप्टने कसे मिळवावेत

एक-दोनच मेलबॉक्स असतील तर पुढचं वाचू नका. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं वेब-पॅनेल) उघडा, फिल्टरचं, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं या नियमांचं, पान बघा, झालं काम. पण होस्टिंग बदलायचंय, मेलबॉक्स चौदा आहेत आणि कुणी कधी कसला फिल्टर लावून ठेवलाय हे ऑफिसात कुणालाच आठवत नाही, अशा वेळी एकेक पान उघडून वहीत टिपत बसू नका. मी बसलोय. दोन फिल्टर तरीही सुटले होते. हे काम स्क्रिप्टकडून करून घ्या.

त्याआधी दोन सल्ले कानाआड करा. पहिला, 'फिल्टरलिस्ट' नावाचं फंक्शन वापरा. ते जुन्या एपीआय २ (स्क्रिप्टने सीपॅनेलशी बोलायची जुनी सोय) मधलं आहे, नव्या कामाला त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याला त्याच्या जागी आलेलं यूएपीआय हवंय. दुसरा सल्ला, होम फोल्डरमधली यॅमल फाइल (सीपॅनेल जिच्यात फिल्टर लिहून ठेवतं ती) थेट उचला. फाइल तिथे असते हे खरं, आणि नुसती वाचलीत तर बिघडत काही नाही. पण माणूस वाचता वाचता दुरुस्ती करायला लागतो. प्रत्यक्ष मेल चाळणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एक्झिम ती यॅमल बघतच नाही, त्याची स्वतःची फिल्टर फाइल वेगळी असते. मग 'बदललं तरी काही होत नाही' म्हणून रात्र जाते.

१. टोकन, म्हणजे स्क्रिप्टला पासवर्डऐवजी द्यायची किल्ली, काढा. सीपॅनेलच्या सुरक्षा विभागात 'मॅनेज एपीआय टोकन्स' आहे. टोकन एकदाच दिसतं, आणि त्याला पासवर्डइतकंच जपायचं.

२. पत्ता जुळवा. सर्व्हरचं नाव, पोर्ट २०८३, मग स्लॅश देऊन एक्झिक्यूट, ईमेल, लिस्ट_फिल्टर्स. यात 'ईमेल'चं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळं लहान लिपीत. विनंतीसोबत जाणाऱ्या ऑथरायझेशन हेडरमध्ये 'सीपॅनेल' हा शब्द, एक रिकामी जागा, युजरनेम, कोलन आणि टोकन. सर्व्हरवर शेल (कमांड टाइप करायची खिडकी) मिळत असेल तर हा खटाटोपही नको, यूएपीआय ही कमांडच तिथे असते. मात्र तिचं उत्तर 'रिझल्ट' नावाच्या आणखी एका डब्यात गुंडाळून येतं. वेबवर चाललेली स्क्रिप्ट शेलवर अडली तर आधी तिथे बघा.

३. लिस्ट_पॉप्स चालवून मेलबॉक्सची यादी घ्या.

४. आता प्रत्येक मेलबॉक्ससाठी लिस्ट_फिल्टर्स. माझे हात इथे पोळलेत, म्हणून जरा सावकाश.

फिल्टर दोन पातळ्यांवर असतात. एक सगळ्या खात्याचे, ज्यांना सीपॅनेल 'ग्लोबल' म्हणतं. दुसरे त्या-त्या मेलबॉक्सचे. आलेला मेल आधी ग्लोबलमधून जातो, मग मेलबॉक्सच्या फिल्टरमधून. दोन्हींसाठी फंक्शन एकच. 'अकाउंट' या पॅरामीटरमध्ये (फंक्शनला सोबत द्यायच्या माहितीत) पूर्ण ईमेल पत्ता दिलात तर मेलबॉक्सचे फिल्टर मिळतात, पॅरामीटर दिलाच नाहीत तर ग्लोबल.

धोका याच सोयीत आहे. मी घाईत 'अकाउंट'ऐवजी 'ईमेल' असं पॅरामीटरचं नाव लिहिलं. चूक दाखवणारं काहीही आलं नाही. अनोळखी नाव मुकाट दुर्लक्षित झालं आणि चौदाही वेळा तेच तीन ग्लोबल फिल्टर परत आले. मला वाटलं, वा, सगळ्यांनी सारखेच नियम लावलेत! नव्या सर्व्हरवर ते प्रत्येक मेलबॉक्समध्ये भरले, आणि ग्लोबलमध्येही ठेवले. महिन्याभराने ग्राहकाने त्यातला एक ग्लोबल फिल्टर काढून टाकला, तरी त्याचे मेल गायबच. कारण त्या फिल्टरच्या चौदा प्रती मीच पेरून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम असा: लूपच्या (एकेक मेलबॉक्स घेऊन तेच फंक्शन चालवण्याच्या) आधी पॅरामीटरशिवाय एक हाक मारायची आणि ते उत्तर 'ग्लोबल' नावाने वेगळ्या फाइलमध्ये टाकायचं. मग लूप. एखाद्या मेलबॉक्सचं उत्तर ग्लोबलशी अक्षरशः जुळलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. बहुतेक मेलबॉक्सना फिल्टर नसतात, तेव्हा रिकामी यादी आली तर घाबरू नका. सगळीकडे भरलेली यादी आली तर मात्र घाबरा.

आणखी एक. एचटीटीपीचा कोड २०० ('विनंती ठीक' असा सर्व्हरचा निरोप) आला म्हणजे काम झालं असं धरू नका. उत्तराच्या आत 'स्टेटस' असतो. तो १ असेल तरच 'डेटा'ला हात लावा. ० असेल तर कारण 'एरर्स'मध्ये मिळेल. ईमेल पत्त्यात अधिकचं चिन्ह असेल तर ते एन्कोड करा (%2B असं लिहा), नाहीतर त्याची रिकामी जागा होते आणि भलत्याच मेलबॉक्सची चौकशी होते.

५. उत्तर वाचा. प्रत्येक फिल्टरला नाव, तो चालू आहे की बंद, नियम आणि कृती असतात. नियमात मेलचा कुठला भाग तपासायचा, कसा आणि कशाशी, एवढंच. कृतींमध्ये मात्र एक चकवा आहे. पडद्यावर जे 'डिस्कार्ड' म्हणून दिसतं ते इथे 'सेव्ह' म्हणून येतं, आणि ठिकाण असतं /डेव्ह/नल, म्हणजे टाकलेलं सगळं नाहीसं करणारी जागा. 'सेव्ह' वाचून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. मेल कुठे गडप होतात हे शोधायचं असेल तर कृतीचं नाव सोडा, ठिकाणाचा रकाना चाळा.

बंद ठेवलेले फिल्टरही यादीत येतात. नव्या जागी ते बंदच राहतील याची काळजी स्क्रिप्टनेच घ्यायची.

६. सगळं जेसनमध्ये, म्हणजे उत्तर ज्या रूपात येतं त्यातच, जसंच्या तसं साठवा, तारखेसह. सुंदर तक्ता नंतर करा.

एवढं करूनही मेल भलत्याच पत्त्यावर जात असेल आणि एकही फिल्टर दोषी सापडत नसेल, तर लिस्ट_फॉरवर्डर्स चालवून बघा. फॉरवर्डर, म्हणजे आलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर धाडणारी सोय, हा वेगळा कप्पा आहे, तो फिल्टरच्या यादीत कधीच येत नाही.