मुंबई बघायला येताय? आधी घड्याळ बघा

लातूरचा माझा भाचा दरवर्षी एकदा तरी फोन करतो. "आत्या, यंदा येतोच. एका दिवसात होईल ना सगळी मुंबई?" त्याच्या यादीत गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, जुहू, कान्हेरी लेणी आणि फिल्म स्टारांचे बंगले असतात. मी लग्न होऊन गिरगावात आले त्याला एकतीस वर्षं झाली. सासरची आणि माहेरची मिळून किती पाहुणे फिरवले याचा हिशोब ठेवला नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. मुंबईत किती लांब जायचंय हे विचारू नये, किती वाजता जायचंय ते विचारावं.

नकाशा उघडून बघा. शहर उत्तर-दक्षिण असं लांबट आहे, तिन्ही बाजूंनी पाणी. सकाळी उपनगरातली माणसं दक्षिणेकडे कामाला येतात आणि संध्याकाळी उत्तरेकडे घरी परततात. आता बांद्रा, अंधेरीकडेही भरपूर ऑफिसं झाली, त्यामुळे उलट्या गाडीलाही गर्दी असते, पण ती सोसण्यासारखी. पाहुण्याने एवढंच करायचं: सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात गर्दीच्या दिशेने लोकलमध्ये चढायचं नाही. ठाण्याला किंवा बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरला असाल, तर सातच्या आत निघा, नाहीतर निवांत पोहे खाऊन अकरानंतर. परवडत असेल तर फोर्ट, कुलाबा किंवा ग्रँट रोडच्या बाजूला राहा. खोली लहान मिळेल, पैसे जास्त जातील, पण रोजचे दोन-तीन तास वाचतील.

महिना कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून सगळे येतात आणि घामाने बेजार होतात. लातूरचं ऊन कोरडं, आमचं चिकट. पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवरच्या लाटा बघायला मजा येते हे खरं, पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की गाड्या बंद पडतात. त्या दिवसांत यायचंच असेल तर एक दिवस हातचा राखून या.

आता लोकल. पाहुणे सगळ्यात जास्त घाबरतात ते हिला. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर सगळं लिहिलेलं असतं: गाडी कुठली, किती वाजताची, स्लो की फास्ट, किती डब्यांची, किती मिनिटांत येणार. लोक फक्त गावाचं नाव वाचतात आणि फसतात. विलेपार्ल्याला जायचं असेल आणि बोरिवली फास्टमध्ये बसलात, तर बांद्र्यानंतर एकदम अंधेरी. मधली खार, सांताक्रूझ, पार्ले खिडकीतून बघायची. घाई नसेल तर स्लोच पकडा. फर्स्ट क्लासच्या डब्यावर रंगवलेले पट्टे असतात. साधं तिकीट काढून तिकडे चढलात तर दंड भरावा लागेल. बायकांचा डबा वेगळा असतो, आणि गर्दी असली तरी विचारलं की तिथल्या बायका नीट सांगतात. "कुठं उतरायचंय? दादर? मग आत कशाला जातेस, इकडे उभी राहा." हे ओरडल्यासारखं वाटतं, पण ती मदत असते. स्टेशन यायच्या एक-दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकायला लागायचं. कुठल्या बाजूचा प्लॅटफॉर्म येणार तेही विचारून घ्यायचं.

आणि चुकामूक झाली तर काय, हे घरातून निघतानाच ठरवून ठेवा. तीन वर्षांपूर्वी दादरला भाच्याची बायको चढली आणि भाचा दोन पिशव्या घेऊन प्लॅटफॉर्मवर राहिला. तिचा मोबाइल त्याच्या पिशवीत. नशीब, मी आदल्या रात्री बजावून ठेवलं होतं: जो गाडीत गेला त्याने पुढच्या थांब्यावर उतरून इंडिकेटरखाली उभं राहायचं, हलायचं नाही, जो मागे राहिला त्याने स्लो गाडी पकडायची, कारण ती सगळीकडे थांबते. ती बांद्र्याला उभी होती, हा वीस मिनिटांनी पोहोचला. दोघं एकमेकांशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, पण सापडले.

दिवसभर भटकायचं असेल तर रेल्वेचं पर्यटक तिकीट मिळतं, एक, तीन किंवा पाच दिवसांचं. दर वेळी रांग लावायला नको. आता भुयारी मेट्रोही आहे. 2025 च्या ऑक्टोबरपासून ती आरेपासून पार कफ परेडपर्यंत जाते: विमानतळ, सिद्धिविनायक, सीएसएमटी (म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), हुतात्मा चौक, सगळं एका सरळ रेषेत. गिरगावालाही स्टेशन आहे. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी हल्ली तिलाच पसंती देते. टॅक्सीचं कमीत कमी भाडं 31 रुपये आहे, रिक्षाचं 26. रिक्षा बांद्रा आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे जुन्या शहरात, येत नाही. तेव्हा दादरला उतरून रिक्षा शोधत बसू नका. टॅक्सीत बसण्याआधी "मीटरनं येणार ना?" एवढं विचारायचं. नाही म्हणाला तर पुढची. सीएसएमटीहून आमच्या घरापर्यंत एकाने माझ्या नणंदेकडून चारशे रुपये घेतले होते. ती पैसे देऊन मोकळी झाली आणि वर येऊन मला म्हणाली, मुंबई फार महाग झाली गं वहिनी.

बघायचं काय, तर पहिला दिवस फोर्टचा, आणि चालत. सीएसएमटीपासून सुरुवात करा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत 1888 मध्ये पूर्ण झाली, आणि 2004 पासून जागतिक वारसा आहे. बहुतेक जण समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही लोकलच्या तिकीटघरात जा आणि मान वर करा. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत, खाली पाच-दहा रुपयांच्या तिकिटांसाठी रांग लागलेली असते. रांगेतला एकही माणूस वर बघत नाही. मीही एवढ्या वर्षांत एकदाच पाहिलं, तेही भाच्याच्या मुलीने हात ओढून दाखवलं म्हणून. बाहेर फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. भारतातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तेव्हा ही इमारत नव्हती.

तिथून हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदानापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दगडी टोकदार कमानी. पश्चिमेला गोल कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. मध्ये पोरं क्रिकेट खेळत असतात, बॉल लागेल तेवढा सांभाळा. 2018 मध्ये या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला. या एका जागेवरून दोन काळ दिसतात आणि तिकीट लागत नाही.

दुपारी ऊन चढलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. तिथे दोन तास सहज जातात. संध्याकाळी गेटवेवर फार वेळ घालवू नका, गर्दी आणि फोटोवाले हैराण करतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसा. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी जागा धरायची. भेळ खायची तर गिरगाव चौपाटीवर, पाण्यात मात्र उतरू नका.

दुसरा दिवस घारापुरीचा. ही लेणी सोमवारी बंद असतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं कामी आलं. गेटवेवरून नऊच्या सुमाराला बोटी सुटायला लागतात, तासाभराचा प्रवास. पहिल्या बोटींपैकी एखादी धरा, म्हणजे ऊन तापायच्या आत वर पोचाल. लाइफ जॅकेट दिलं की घालायचं, फोटोत वाईट दिसतं म्हणून काढायचं नाही. धक्क्यावरून छोटी गाडी आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांना मधे बसत बसत न्या. हातात पाण्याची बाटली किंवा खाऊ दिसला की माकडं येतात आणि ती तुमच्या परवानगीची वाट बघत नाहीत. मुख्य लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं तसंच उभं राहा. मग मागच्या अंधारातून वीसेक फुटांचा तीन मुखांचा सदाशिव हळूहळू वर येतो. गाइड नको असेल तर अर्धनारीनटेश्वर, शिवपार्वतीचं लग्न आणि कैलास हलवणारा रावण एवढं तरी शोधून बघा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं तो आता बेटावर नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

ज्यांना पहाटे उठवतं त्यांच्यासाठी ससून डॉक. 1875 पासूनची गोदी आहे. साडेपाचला पोचा. जमीन ओली, बर्फाचं पाणी वाहतं, वास असा की कपड्यांतून दोन धुण्यांनी जातो. धुता येईल अशी चप्पल घाला. एका कोळणीसमोर मी पाच मिनिटं उभी होते. तिच्यापुढे बोंबलांचा ढीग, ओले, पाण्यासारखे लिबलिबीत, गुलाबट. दर सांगताना ती बोटांनी ढीग वरखाली करत होती, म्हणजे खालचा मालही ताजा आहे हे दिसावं. भाच्याने मोबाइल वर केला तशी म्हणाली, "फोटो काय भाजून खाणार? मासळी घे." विचारून काढा फोटो, आणि मागून "बाजू, बाजू" ओरडत पाटीवाला आला की खरंच बाजूला व्हा.

मग तिथून इराण्याच्या हॉटेलात. धोबीतलावला कयानी आहे, 1904 चं. बन मस्का आणि चहा मागवा, बन चहात बुडवा, कोणी हसत नाही. वडापावसाठी मी दुकानाचं नाव सांगणार नाही, त्यावरून आमच्या चाळीत भांडणं झाली आहेत. जिथे तेलाची कढई सतत भरलेली आणि वडे ताटात साचत नाहीत, तिथे खा. मिसळ मात्र दादर-गिरगावातली खा, आणि कोल्हापूरशी तुलना करू नका.

हाजी अलीला जायचं तर त्या दिवशीची भरतीची वेळ बघून जा, भरतीत वाट पाण्याखाली जाते. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा, नाहीतर दर्शन सोडून बाकी काही होणार नाही. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणीसुद्धा सोमवारी बंद. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, तो एक वेगळा आख्खा दिवस धरा. घारापुरीच्या दिवशी जोडू नका. स्टारांच्या बंगल्यांबद्दल मी काही बोलत नाही. फाटक दिसतं.

परतीचं तिकीट हातात घेऊन एकदा नीट वाचा, गाडी कुठून सुटते ते. बांद्रा टर्मिनस म्हणजे बांद्र्याचं लोकल स्टेशन नव्हे, आणि लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्यात असलं तरी कुर्ला स्टेशनपासून सामान घेऊन चालत जायचं म्हणजे शिक्षाच. रात्रीची गाडी असेल तर सामान सकाळीच स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा, बॅगांना कुलूप लागतं. संध्याकाळी सहाला मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारही करू नका. टॅक्सी करा, आणि एक तास जास्तीचा धरा.

परवा भाच्याचा मेसेज आला. "आत्या, यंदा चार दिवस काढलेत. रविवारी दुपारी पोचतो, सोमवारी सकाळी घारापुरी." मी त्याला लगेच फोन लावला.