अँटेना ॲरेतल्या पॅचचं आपसातलं कपलिंग (एकाची पॉवर शेजाऱ्यात शिरणं) कमी करायचंय? आधी नीट मोजा

फायनल इयरची पोरं एफआर-४ वर, म्हणजे साध्या सर्किट बोर्डवर, २.४५ गिगाहर्ट्झचा चार पॅचचा ॲरे (तांब्याचे चार चौकोनी अँटेना शेजारीशेजारी) एच करून, म्हणजे तांबं कोरून आणतात आणि म्हणतात सर, सिम्युलेशनमध्ये एकटा पॅच भारी होता, ॲरेत मॅचिंग (केबलशी जुळणं) हललं. हलणारच की बे. गड्ड्याच्या जत्रेत शेजारच्या स्टॉलचा भोंगा आपल्या माईकमध्ये शिरतो, तसंच आहे हे.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं स्वस्त यंत्र) घ्या, पण ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा, शेजारशेजारचे दोन पॅच जोडा, एस२१ बघा, म्हणजे एका पॅचमधून दुसऱ्यात किती पॉवर जाते ते. उरलेल्या दोघांना ५० ओहमचं टर्मिनेशन (पॉवर शोषून घेणारी टोपी) लावायचंच. मी एकदा आळस केला, ते उघडेच ठेवले आणि सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून दुपारभर बसलो, का तर म्हणे वाऱ्याने केबल हलते म्हणून रीडिंग बदलतंय! उणे १५ डीबी म्हणजे साधारण ३ टक्के पॉवर शेजाऱ्याकडे, उणे २० म्हणजे १ टक्का.

मग अंतर. वेव्हलेंग्थ १२२ मिमी, म्हणजे सेंटर टू सेंटर निदान तिच्या अर्धं, ६१ मिमी ठेवा, बोर्ड वाचवायला ४५ वर आणू नका. ८५ केलं तर कपलिंग अजून उतरतं, पण बीम साधारण २५ अंशापुढे फिरवला की ग्रेटिंग लोब, म्हणजे भलत्याच दिशेला दुसरा बीम, डोकावायला लागतो.

जागाच नसेल तर ग्राउंडमध्ये, म्हणजे बोर्डच्या मागच्या तांब्यात, स्लॉट (चीर). दोन पॅचच्या बरोबर मधे, त्यांना जोडणाऱ्या रेषेला आडवा, एक मिमी रुंद. या स्लॉटमुळे ग्राउंडमधून शेजारी जाणारा करंट अडतो. लांबी सिम्युलेशनमधून काढा, पण कटरने कापताना त्याहून थोडा आखूडच कापा, कारण लांबी वाढली की एस२१ मधला खड्डा खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो, तेव्हा एकेक मिमी वाढवत २.४५ वर आणता येतो. जास्त कापलं तर टोकाला कॉपर टेप चिकटवून कडेने सोल्डर मारायचं, चालतं. मश्रूम ईबीजी (लाटा अडवणाऱ्या, छत्रीसारख्या छोट्या तुकड्यांच्या रांगा) पेपरात छान दिसतं, पण एवढ्या जागेत त्याच्या दोन रांगा बसवून दाखवा मला.

स्लॉट झाला की एस११ (पॅचवरून परत येणारी पॉवर) परत बघा, पॅचची फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली असते. मागच्या बाजूलाही रेडिएशन वाढतं, ते धरूनच चाला. आणि बोर्ड पत्र्याच्या डब्याला पाठ टेकवून बसवू नका, स्लॉट झाकला की सगळी मेहनत पाण्यात.