ऑनलाइन ब्रिज स्पर्धेतील बोली : रबरच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग, तिलकनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतील मराठी घरांत ब्रिज शिकलेली जी मंडळी आज टॅबवर किंवा संगणकावर स्पर्धा खेळतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा हात रबर ब्रिजवर, म्हणजे एका बाजूचे दोन गेम होईपर्यंत चालणाऱ्या घरगुती खेळावर, बसलेला आहे. चार भिडू, गुणांची एक वही आणि रबर पुरे होईपर्यंत कोणी उठायचे नाही, असा तो खेळ होता. या मंडळींचे पाने खेळण्याचे कसब उत्तम असते, कोणते पान गेले आणि कोणते उरले हे त्यांना अचूक सांगता येते, आणि तरीही स्पर्धेच्या निकालात त्यांची जोडी चाळीस टक्क्यांच्या आसपास का राहते, याचे कोडे त्यांना सुटत नाही. कारण बोलीत असते. रबरमध्ये अर्ध्या गेमचे, म्हणजे गेमपेक्षा (हुकमाविना तीन नो ट्रम्प, चार बदाम-इस्पिक किंवा पाच किलवर-चौकट) लहान बोलीचे, गुण पुढच्या डावाला उपयोगी पडतात, हुकमाची चार-पाच मोठी पाने, म्हणजे ऑनर, एकाच खेळाडूकडे आली तर वेगळे गुण मिळतात आणि एखादा जादा हात झाला काय, न झाला काय, फारसे बिघडत नाही. डुप्लिकेट स्पर्धेत यांतले काहीच लागू नसते. तेथे प्रत्येक डाव स्वतंत्र असतो आणि तीच पाने इतर टेबलांवरही खेळली जात असतात. आपले गुण त्या टेबलांशी ताडून पाहिले जातात.

गुण कसे मोजणार हे न पाहताच खेळायला बसणे

ही सर्वांत महागडी चूक आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबावे लागेल. ब्रिज बेस ऑनलाइन, म्हणजे आपण ज्याला बीबीओ म्हणतो, त्यावर स्पर्धेच्या माहितीत ती मॅचपॉइंटची आहे की आयएमपीची, हे स्पष्ट लिहिलेले असते. नाव नोंदवण्याच्या घाईत ते वाचलेच जात नाही, आणि मग दोन्ही प्रकारांत एकाच पद्धतीने बोली दिली जाते.

मॅचपॉइंटमध्ये आपण किती टेबलांपेक्षा सरस ठरलो एवढेच पाहिले जाते. फरक दहा गुणांचा असो वा हजाराचा. बोलीच्या आकड्यात सहा मिळवले की करायचे हात कळतात. व्हल्नरेबल नसताना (व्हल्नरेबल बाजूला गेम झाल्यास जास्त गुण आणि बुडाल्यास जास्त दंड असतो) चार इस्पिक बरोबर दहा हातांनी झाले तर ४२० गुण मिळतात आणि त्याच पानांवर तीन नो ट्रम्प बोलून दहा हात केले तर ४३०. ज्या डावात सगळी टेबले ४३० वर आहेत तेथे आपले ४२० म्हणजे जवळजवळ शून्य. म्हणून दोन्ही बाजूंची पाने समतोल असून इस्पिकाची जुळणी जेमतेम पाच-तीन (एकाकडे पाच पाने, भिडूकडे तीन) असेल आणि पत्ती मारून वाढीव हात मिळण्याची शक्यता दिसत नसेल, तर नो ट्रम्पचा विचार अवश्य करावा. किलवर आणि चौकटीच्या गेमबाबत तर रबरची सवय फारच नडते. पाच चौकट अकरा हातांनी झाले की ४०० आणि बारा हात झाले तरी ४२०. तीन नो ट्रम्पमध्ये एकच हात जादा मिळाला की ४३०. रबरमध्ये गेम तो गेम असतो, म्हणून ‘सुरक्षित’ पाच चौकट बोलणारा भिडू शहाणा ठरत असे. मॅचपॉइंटमध्ये तोच भिडू डावामागून डाव गमावतो.

आयएमपीमध्ये गुणांतील फरक एका ठरावीक कोष्टकाने बदलून घेतला जातो, त्यामुळे मोठे फरक महत्त्वाचे ठरतात आणि जादा हाताचे महत्त्व जवळजवळ उरत नाही. येथे गेम बोलण्याचा निर्णय निव्वळ अंकगणितावर घेता येतो. आपण व्हल्नरेबल असताना पाने चार बदामाच्या उंबरठ्यावर आहेत असे समजू. गेम बोललो आणि झाला तर ६२०, आणि समोरच्या टेबलावर तीन बदामातच दहा हात झाले तर १७०. फरक ४५० चा, म्हणजे १० आयएमपी. गेम बोललो आणि एका हाताने बुडालो तर वजा १००, समोर १४०. फरक २४० चा, म्हणजे ६ आयएमपी. सहा घालवून दहा मिळवायचे असतील तर गेम शंभरात साधारण ३८ वेळा झाला तरी पुरे. व्हल्नरेबल नसताना हाच हिशेब पाच विरुद्ध सहा असा येतो, म्हणजे ४५ टक्क्यांच्या आसपास शक्यता हवी. मॅचपॉइंटमध्ये मात्र निम्म्याहून कमी शक्यतेचा गेम बोलू नये. ‘भिडूकडून गेमचे आमंत्रण आले, पण माझ्याकडे कमीच आहे’ असे म्हणून थांबण्याची सवय मॅचपॉइंटमध्ये चालून जाते. आयएमपीत, विशेषतः व्हल्नरेबल असताना, तीच सवय स्पर्धा हरवते.

डबलचेही, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची बोली बुडेल असे धरून तिचे गुण-दंड वाढवण्याचेही, तसेच. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल असून दोन इस्पिकवर थांबले आहेत आणि ते एका हाताने बुडतील असे वाटते. मॅचपॉइंटमध्ये डबल देऊन २०० मिळाले तर बहुधा डाव आपला, कारण अर्ध्या गेमच्या लढाईत २०० पेक्षा जास्त फारसे कोणाकडे येत नाही. आयएमपीत डबलने १०० चे २०० झाले तर ३ आयएमपी जादा मिळतील, पण त्यांनी आठ हात केले तर वजा ११० ऐवजी वजा ६७० लिहावे लागतील आणि ११ आयएमपी जातील. आपणच डबल देऊन त्यांना गेम बहाल करण्यासारखे ते आहे.

तिसऱ्या पातळीवरची ओढाताण

दोन्ही बाजूंना जुळणी सापडली की बोली कोठे सोडायची, हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो. एक डाव पाहू. दोन्ही बाजू व्हल्नरेबल आहेत आणि आपली पाने अशी आहेत :

इस्पिक : एक्का, राणी, नव्वी, सत्ती, चौकी
बदाम : अठ्ठी, तिर्री
चौकट : राजा, गुलाम, पंजी
किलवर : राणी, छक्की, दुर्री

आपण एक इस्पिकने सुरुवात केली, डावीकडून दोन बदाम आले, भिडूने दोन इस्पिक म्हणून तीन पानांचा पाठिंबा दाखवला आणि उजवीकडून तीन बदाम. आता? इंदुरी माणसाला बोली सोडून देणे जड जाते, आणि तीन इस्पिक बोलून टाकण्याचा मोह होतोच. पण हुकूम मोजावेत. आपल्याकडे आठ, आणि समजा प्रतिस्पर्ध्यांकडे बदामही आठच. फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी १९६० च्या दशकात मांडलेला ठोकताळा असा, की दोन्ही बाजूंनी आपापल्या हुकमात मिळून जितके हात होतील ती संख्या दोघांच्या हुकमांच्या बेरजेइतकी असते. येथे ती सोळा. त्यांचे नऊ हात होणार असतील तर आपले सातच होतील : गप्प बसलो तर वजा १४०, बोललो तर वजा २००. त्यांचे आठ होणार असतील तर आपलेही आठ : गप्प बसलो तर अधिक १००, बोललो तर वजा १००. दोन्हीकडून बोलणे तोट्याचेच आहे.

आता भिडूकडे तीनऐवजी चार इस्पिके आहेत असे माना. बेरीज सतरा झाली. त्यांचे नऊ तर आपले आठ, म्हणजे वजा १४० ऐवजी वजा १००. त्यांचे आठ तर आपले नऊ, म्हणजे अधिक १०० ऐवजी अधिक १४०. आता बोलणे दोन्हीकडून फायद्याचे झाले. पाने तीच, पॉइंटही (एक्का-राजा-राणी-गुलामांचे ४-३-२-१) जवळपास तेच, आणि निर्णय भिडूच्या एका छोट्याशा इस्पिकाने फिरला. हा ठोकताळा प्रत्येक डावात तंतोतंत उतरत नाही, एखादा हात इकडेतिकडे होतो. पण केवळ पॉइंट मोजून बोलणाऱ्यांपेक्षा तो पाळणारे पुढे राहतात. व्हल्नरेबल नसताना दोन हातांनी बुडालो तरी डबल नसेल तर वजा १०० च येतात, त्यामुळे तेथे थोडे धाडस क्षम्य आहे. मॅचपॉइंटमध्ये वजा २०० हा आकडा मात्र विषासारखा टाळावा.

अनोळखी भिडूशी काहीही न ठरवता सुरुवात करणे

घरच्या टेबलावर भिडू वर्षानुवर्षांचे असतात, त्यामुळे दोन बदामची सुरुवात म्हणजे भरभक्कम पाने, हे कोणी सांगावे लागत नाही. ऑनलाइन भेटलेला पुण्याचा किंवा टोरांटोचा भिडू त्याच बोलीला सहा पानांची, सहा ते दहा पॉइंटांची कमकुवत सुरुवात समजतो आणि नऊ पॉइंट हातात घेऊन पास म्हणतो. दोष कोणाचाच नसतो, गुण मात्र दोघांचे जातात. सुरुवातीच्या दोन मिनिटांत पाच गोष्टी विचारून घ्याव्यात : एक नो ट्रम्पचे पॉइंट किती, एक बदाम-इस्पिकला पाच पाने लागतात की चार, दुसऱ्या पातळीवरच्या सुरुवातीचा अर्थ काय, एकाच्या सुरुवातीवर दोनचे उत्तर दिले की गेमपर्यंत बोली चालू ठेवणे बांधील आहे का, आणि एक्के विचारणाऱ्या चार नो ट्रम्पला उत्तरे कशी.

शेवटचा प्रश्न अनावश्यक वाटतो, पण स्लॅम, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोली, बुडतात त्या तेथेच. हुकमाचा राजा पाचवा एक्का धरून उत्तर देण्याच्या पद्धतीत पाच किलवरचा अर्थ काही जण ‘एक किंवा चार’ असा घेतात आणि काही ‘शून्य किंवा तीन’ असा. हुकूम किलवर असेल तर आणखी एक गोम आहे : पाच चौकट असे उत्तर आले की पाच किलवरवर परतण्याची वाट बंद झालेली असते. म्हणून किलवरच्या जुळणीत चार नो ट्रम्प विचारण्यापूर्वी प्रत्येक संभाव्य उत्तरानंतर आपण कोठे थांबणार, हे मनाशी ठरलेले असावे.

रोबोटला माणूस समजणे

ज्या स्पर्धांत भिडू आणि दोन्ही प्रतिस्पर्धी रोबोट असतात, त्या इंदूरच्या आपल्या मंडळींत फार आवडीच्या आहेत, कारण दुपारी चहाच्या वेळेला एकट्याने खेळता येते. बीबीओचा रोबोट पाच पानांच्या मेजर (बदाम-इस्पिक), १५ ते १७ चा नो ट्रम्प आणि एकावर दोन गेम-बांधील या पद्धतीने खेळतो. त्याला आपली प्रिसिजनसारखी वेगळी बोलीपद्धत शिकवता येत नाही. बोली देण्यापूर्वी तिच्यावर बाण नेला की रोबोट तिचा अर्थ काय लावणार आहे ते पडद्यावर दिसते, आणि तेवढे वाचण्याचा कंटाळा ही येथली मुख्य चूक. ‘भिडू समजून घेईल’ या भरवशावर दिलेली बोली रोबोट अक्षरशः घेतो.

काही रोबोट स्पर्धांत माणसाला चौघांतले सर्वाधिक पॉइंट असलेली पाने मुद्दाम दिली जातात. आपल्याकडे १३ पॉइंट असतील तर दुसऱ्या कोणाकडेही १३ पेक्षा जास्त नाहीत, हे तेथे गृहीतच असते. तरीही लोक बारा-तेरा पॉइंटांवर बसून ‘भिडूकडे सोळा असतील तर’ असा विचार करत स्लॅमच्या दिशेने निघतात.

बोलीचा खुलासा न करणे, किंवा नको तसा करणे

प्रत्यक्ष टेबलावर आपल्या कृत्रिम, म्हणजे शब्दशः नव्हे तर ठरवलेल्या अर्थाच्या, बोलीकडे भिडू लक्ष वेधतो. ऑनलाइन ते काम ज्याची बोली त्याचे. आपण लिहिलेला खुलासा प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, भिडूला दिसत नाही, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. ‘कॉन्व्हेन्शन’ एवढेच लिहून भागत नाही. ‘दोन्ही मेजर, किमान पाच-चार, दहापेक्षा कमी पॉइंट’ असे साध्या शब्दांत लिहावे. खुलासा भिडूशी ठरलेल्या अर्थाचा करायचा असतो, हातातल्या पानांचा नव्हे. ठरलेल्यापेक्षा पान-दोन पाने वेगळी असली म्हणून ते जाहीर करण्याचे बंधन नाही.

याच्या जोडीला एक नाजूक बाब सांगायला हवी. एकाच घरातील काका-काकू दोन खोल्यांत बसून एका जोडीने खेळतात, तेव्हा ‘अहो, काय केलंत हे!’ असा बाहेर आलेला एक उद्गारसुद्धा भिडूला मिळू नये अशी माहिती देऊन जातो. फोनवर भिडूशी बोलत खेळणे तर सरळसरळ लबाडी आहे. भिडूने पास म्हणायला चाळीस सेकंद लावले, तर ते नेटमुळे असो वा विचारामुळे, त्या उशिरावरून निष्कर्ष काढून आपली बोली ठरवता येत नाही.

बोट घसरणे आणि वेळ संपणे

दोन इस्पिकऐवजी दोन नो ट्रम्प दाबले गेले, अशा तक्रारी मोबाइलवर खेळणाऱ्यांकडून सतत येतात. बऱ्याच स्पर्धांत बोली मागे घेण्याची सोय बंद ठेवलेली असते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बोली आणि पान दोन्हींसाठी दुसऱ्यांदा खात्री करून घेण्याचा पर्याय चालू करावा. अर्धा सेकंद जास्त जातो, एवढेच. पावसाळ्यात वीज गेली की घरातला वायफायही जातो, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला असावा. आपली जागा पर्यायी खेळाडूला दिली गेली की ती परत मिळेलच असे नाही.

निकाल पाहताना चुकीच्या रकान्याकडे बघणे

स्पर्धा संपल्यावर प्रत्येक डाव इतर टेबलांवर कसा खेळला गेला ते दिसते, आणि सोबत संगणकाने चारही हात उघडे पाहून काढलेले उत्तरही असते. लोक ते उत्तर पाहून ‘सहा बदाम होत होते’ म्हणून हळहळतात. एका बाजूने राणी पकडायची आणि दुसऱ्या बाजूने गुलाम, हे उघड्या पानांवर सोपे असते. बंद पानांवर तो स्लॅम वीस टक्क्यांचाही नसेल. त्याऐवजी आधी कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे शेवटी ठरलेल्या बोलीचा, रकाना पाहावा. बहुतेक टेबलांचे कॉन्ट्रॅक्ट आपल्यासारखेच असून गुण कमी आले असतील, तर पहिल्या उतारीचा रकाना पाहावा, कारण पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याने केलेली वेगळी उतारी हेच कारण निघते. उतारीही तीच असेल तर पाने खेळण्यात काहीतरी निसटले आहे. कॉन्ट्रॅक्टच वेगळे असेल, तर त्या डावाची बोली भिडूबरोबर त्याच संध्याकाळी, दोघांना आपापला विचार आठवत असेपर्यंत, पहिल्या पासपासून पुन्हा वाचून काढावी.