घरात आमवात आहे? जनुकांची तपासणी करण्याआधी हे करा

आधी आजाराचं नाव पक्कं करा. आपल्याकडे आजीच्या झिजलेल्या गुडघ्यांनाही संधिवात म्हणतात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिसलाही, म्हणजे आमवातालाही, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. जुनी फाइल काढा. त्यात अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड लिहिलेलं असेल, तर तो बहुधा आमवातच. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर आपला धोका साधारण तिप्पट होतो. पण मुळात हा आजार शंभरात जेमतेम एकाला होतो, हे विसरू नका.

आनुवंशिक धोक्यात सर्वात मोठा वाटा एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा. त्याच्या प्रथिनातल्या ७० ते ७४ या जागांवरचा अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम धोका वाढवतो. ही कल्पना १९८७ साली मांडली गेली. मात्र तोच क्रम असंख्य निरोगी माणसांतही असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असला, तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात बारा-पंधराच. म्हणून लाळ पाठवून करायच्या जनुक तपासणीवर पैसे घालवू नका. त्यातले बरेचसे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले असतात. तिकडे महत्त्वाचा ठरलेला पीटीपीएन२२ जनुकातला बदल भारतीयांत विरळाच आढळतो.

आणखी एक गफलत नेहमी होते. लोक एचएलए-बी२७ ही तपासणी करून घेतात आणि निगेटिव्ह आली की निर्धास्त होतात. ती तपासणी मुख्यतः मणक्याच्या वाताची. आमवाताशी तिचा संबंध नाही.

हातात असलेली गोष्ट म्हणजे सिगारेट आणि बिडी. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन होतं. डीआरबी१चा धोक्याचा प्रकार ही बदललेली प्रथिनं प्रतिकारपेशींपुढे ठेवतो आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात. अँटी-सीसीपी तपासणीत मोजतात ती हीच. जनुक आणि धूर एकत्र आले की धोका कैक पटींनी वाढतो, त्यामुळे घरात आमवात असेल तर धूम्रपान पूर्ण बंद. हिरड्यांच्या आजाराचाही आमवाताशी संबंध दिसतो, म्हणून हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवा. मार्बल, ग्रॅनाइट कापणाऱ्यांनी पाणी सोडूनच कापावं आणि चांगला मास्क लावावा. दगडाची सिलिकायुक्त धूळही धोका वाढवते.

तपासणी लक्षणं दिसल्यावर करा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, बोटांच्या मुळांचे सांधे सुजले असतील, हस्तांदोलन करताना कळ येत असेल, तर अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर (हेही एक प्रतिपिंड) आणि शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या करून घ्या. एकटा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात ठरत नाही. क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये, उतारवयातही तो येतो. मुंबईत पावसाळ्यात आधी ताप येऊन गेला असेल तर चिकनगुनियाचीही चाचणी हवी, कारण त्यातली सांधेदुखी महिनोन्‌महिने टिकते.

सूज सहा आठवडे टिकते का, याची वाट बघू नका. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात संधिवाततज्ज्ञांची ओपीडी असते. तिथे जाण्याआधी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेऊ नका, त्याने सूज दबते आणि निदान लांबतं. सूज जास्त असेल त्या सकाळी दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा; नंबर येईपर्यंत ती बरीच उतरलेली असते.