पंधरा वर्षांनी पुन्हा कॉलेज: सुरुवात लोखंडी पेटीपासून

"आते या वयमा कालेजमा जाई काय करशी?" सासूबाईंनी विचारलं. मी काही बोलले नाही, माळ्यावरची पेटी खाली काढली. तुम्हीही तेच करा. अर्ज, फी, विषय हे सगळं नंतर. आधी कागद.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला आणि जेवढं कॉलेज झालं त्याच्या गुणपत्रिका शोधा. त्या आधार कार्डाशेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा. बायकांची गाडी इथेच अडते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माझ्या आधारवर तर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनावात एक वेलांटी जास्त! विवाह नोंदणीचा दाखला लागतो, काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्रही मागतात. यात महिना जातो, म्हणून निकालांची गर्दी सुरू व्हायच्या आधीच हे उरकून घ्या. मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट लागतं. ते कोणत्या नमुन्यात हवं ते कॉलेजच्या खिडकीवर विचारूनच करा, नाहीतर सेतूच्या दोन चकरा होतात.

बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात.

कॉलेज अर्धवट सुटलं असेल तर थेट पहिल्या वर्षाला नाव घालू नका. जुन्या गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा आणि पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतो का ते विचारा. उत्तर लेखी मागा. तोंडी "होईल ताई" वर मी एक हंगाम घालवला. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झालं. त्याआधी शिकलेल्यांच्या हाती पुणे विद्यापीठाची गुणपत्रिका असते, त्यांना स्थलांतर प्रमाणपत्राची सोय करावी लागते. (आज या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या.)

आता रोज जायचं की घरून शिकायचं? बी.ए., बी.कॉम.ला वयाची वरची मर्यादा नाही, पण नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा प्रश्न येतो. नोकरी किंवा शेत सांभाळणाऱ्याला दूरशिक्षण बरं. मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सोयीचं. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) पदवी ३ ते ६ वर्षांत कधीही पुरी करता येते, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. दुसरी कुठली संस्था गाठलीत तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीत तिचं नाव आणि तो अभ्यासक्रम आहे का ते आधी बघा. २०२४पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) लागतो आणि त्यासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर). दोन्ही मोबाइलवर निघतात, पण नाव जुळलेलं असेल तरच. म्हणून ती वेलांटी!

वेळापत्रक घड्याळापेक्षा शिवाराकडे बघून करा. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते आणि मजूर मिळेना की घरातलं प्रत्येक माणूस वावरात. डिसेंबरच्या पेपरचा अभ्यास तेव्हा होत नाही, हे धरूनच चाला. मी पोळ्याच्या आधीच निम्मी पुस्तकं संपवते आणि अवघड विषय जूनसाठी ठेवते. मे महिन्यात पहाटे पाच ते सात एवढीच वाचायची वेळ, नंतर उन्हाने डोकं चालत नाही.

लिहायचा सराव मात्र परीक्षेच्या दोन महिने आधी धरा. इतक्या वर्षांत आपण किराणा याद्या आणि सह्यांपलीकडे लिहिलेलं नसतं. पहिल्या पेपरला तिसऱ्या पानावरच माझी बोटं आखडली आणि येत असलेलं उत्तर अर्धं राहिलं. आता रोज घड्याळ लावून चार पानं लिहिते. मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं त्याला पुरतात.