सारख्याच वाटणाऱ्या दोन फळगंधी गुलाब परफ्यूममधून संध्याकाळसाठी निवडताना या चुका टाळा

लिची, रासबेरी किंवा पेअरचा गोडवा घेऊन येणारे दोन गुलाब परफ्यूम दुकानात जवळजवळ एकच वाटतात आणि बहुतेक जण त्या पहिल्या वासावरच निर्णय उरकून टाकतात. ही सर्वांत मोठी चूक आहे. फळांचा वास देणारे बहुतेक घटक झपाट्याने उडून जातात, त्यामुळे पहिल्या 15 ते 30 मिनिटांत तो वास ओसरतो, मग गुलाब पुढे येतो आणि कार्यक्रम ऐन रंगात असताना अंगावर उरतात ते मस्क (कस्तुरीसारखा गंध), पॅचुली (एका वनस्पतीचा मातकट वास), अंबर (राळेसारखा ऊबदार गंध), व्हॅनिला असे तळाचे गंध. निवड त्यांच्यावरून करायची असते.

माझ्या एका मैत्रिणीने कागदी पट्टी हुंगून, ज्यात फळ अधिक ठसठशीत होते ती बाटली पाच मिनिटांत घेतली. बंद सभागृहात फळ केव्हाच विरले, गुलाब मागे पडला आणि व्हॅनिलाचा पाकासारखा जड गोडवा तेवढा राहिला, इतका की तिचेच डोके दुखू लागले. नंतर मी तिला एका मनगटावर ती बाटली आणि दुसऱ्यावर नाकारलेला परफ्यूम लावायला सांगितले. काही तासांनी नाकारलेल्या परफ्यूममधला गुलाब पॅचुलीच्या आधाराने शाबूत होता. मी स्वतः नेहमी दुपारी लावते आणि रात्रीच ठरवते; एवढा धीर नसेल त्यांनी लहान नमुना कुपी घ्यावी, पण पूर्ण बाटली मुळीच घेऊ नये.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही मनगटे आळीपाळीने हुंगत राहणे. नाक त्या वासाला सरावते आणि मग "हा टिकतच नाही" असा चुकीचा निकाल लागतो. शिवाय काही मस्क काही जणांना जाणवतच नाहीत, म्हणून हातभर अंतरावरच्या माणसाला विचारल्याशिवाय मी टिकाऊपणाबद्दल बोलत नाही.

कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजे होत नाही. थोडा वेळ मोकळ्या हवेत जावे. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. बाटलीवरच्या 'ओ द परफ्यूम' या शब्दांवरून अर्काच्या प्रमाणाचा साधारण अंदाज येतो, तळाचा गंध कळत नाही. बंद, गर्दीच्या जागी दोन फवारे पुरतात. उघड्यावर एखादा फवारा कपड्यावर मारावा, मात्र रेशमावर डाग पडू शकतो.